जुन्या अमेरिकी कौटुंबिक विनोदी मालिकांचं पार्श्वसंगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'लीव्ह इट टू बीव्हर', 'द अँडी ग्रिफिथ शो', 'बिविच्ड', 'द ब्रेडी बंच' या मालिकांच्या शीर्षकगीतांबद्दल पुष्कळ बोललं जातं. गीत संपल्यावरच्या साधारण पंचवीस मिनिटांत तीन-चार सेकंद वाजून विरून जाणाऱ्या तुकड्यांकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं. हे पान त्या तुकड्यांसाठी आहे. ते कोण बनवायचं, कसं बसवायचं, ते कुठे फसतात आणि आज तसं काही करायचं असेल तर काय करावं, हे इथे सापडेल.

क्यू म्हणजे नेमकं काय?

एका जागी सुरू होऊन एका जागी संपणारा संगीताचा कोणताही तुकडा म्हणजे क्यू. तो दीड सेकंदाचा असेल नाहीतर दोन मिनिटांचा. शीर्षकगीतही कागदोपत्री क्यूच धरलं जातं. प्रत्येकाला क्रमांक असतो. '२एम३' असं लिहिलेलं दिसलं, तर दुसरं रीळ, एम म्हणजे म्युझिक, आणि त्या रिळातला तिसरा तुकडा असं वाचायचं. रीळ कधीच गेलं, पण क्रमांक घालायची ही पद्धत अजून चालू आहे.

या तुकड्यांचे प्रकार कोणते?

सगळ्यांत जास्त भरणा ब्रिजचा असतो. स्वयंपाकघरातला प्रसंग संपला, शाळेच्या पटांगणातला सुरू होणार. मधले तीन ते सहा सेकंद ब्रिज भरून काढतो. चांगला ब्रिज दोन तोंडांचा असतो. पहिला अर्धा भाग संपलेल्या प्रसंगाचा भाव सांभाळतो आणि दुसरा पुढच्या प्रसंगाची चाहूल देतो. मुलगा रडवेला होऊन जिना चढतो तिथे क्लॅरिनेटची उतरती ओळ, आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ दिसताच तीच ओळ बासरीवर, चढत्या अंगानं. हे सगळं चार मापांत (माप म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, इंग्रजीत 'बार').

स्टिंग म्हणजे एकच ठोसा: बाबा दार उघडतात आणि समोर मुख्याध्यापिका उभ्या. बटन म्हणजे प्रसंग मिटवणारे शेवटचे एक-दोन स्वर. जाहिरातीआधीचा क्यू बहुतेकदा मुद्दाम अर्धवट सोडलेला असतो, म्हणजे स्वरसंघात 'सा'वर येऊन थांबत नाही, लटकत राहतो. प्रेक्षकानं जाहिरातीनंतर परत यावं म्हणून. भागाच्या अगदी शेवटी, सगळं मिटल्यावर येणारा छोटा विनोदी प्रसंग म्हणजे टॅग. त्याचा क्यू मात्र नीट घरी येतो. संवादाखाली वाजतो तो अंडरस्कोअर. पात्रांना स्वतःला ऐकू येणारं संगीत, म्हणजे रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, मुलाचा ट्रम्पेटचा रियाज, हे सोर्स म्युझिक.

या सगळ्यांत बटनाला आम्ही सर्वांत जास्त मानतो. धून सुमार असली तरी शेवट योग्य चौकटीवर, म्हणजे फिल्मच्या नेमक्या चित्रावर, पडला तर क्यू चालून जातो. धून सुंदर असून शेवट अर्धा सेकंद चुकला, तर विनोद गेला म्हणून समजा. तबलजी समेवर चुकला की बैठकीत जे होतं, तेच इथे होतं.

वाद्य ऐकताक्षणी 'आता खोडी होणार' हे कसं कळतं?

थोडी सवय आणि थोडा वाद्याचा स्वभाव. 'बसून' नावाचं फुंकवाद्य खालच्या सप्तकात तुटक वाजलं की जाडजूड माणूस चवड्यांवर चालल्यासारखा वाटतो. व्हायोलिनच्या तारा गजाऐवजी बोटानं छेडल्या, म्हणजे पिझिकाटो, की स्वर लगेच विझतो. म्हणून लपूनछपून चालण्याच्या प्रसंगाला तो शोभतो. त्याचा दुसरा फायदा जास्त व्यवहारी आहे: विझणारा स्वर संवाद झाकत नाही. ट्रम्पेटच्या तोंडावर रबरी प्लंजर धरून उघडझाप केली की 'वा-वा' असा माणसाच्या कण्हण्यासारखा आवाज येतो, म्हणून बेत फसल्यावर तो वाजतो. हार्पवरून बोटं सरकवत नेली की स्वप्न किंवा आठवण सुरू. मुलगा चूक कबूल करतो तेव्हा एकटी गिटार, ओबो किंवा मंद व्हायोलिनं, आणि शक्यतो तालवाद्य नाही.

'बिविच्ड'मध्ये (१९६४–७२) समँथा नाक हलवते तेव्हा झायलोफोनसारखी किणकिण येते, आणि 'आय ड्रीम ऑफ जीनी'मध्ये (१९६५–७०) जीनी हातांची घडी घालून पापण्या मिटते तेव्हा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज. हे संगीत की ध्वनिपरिणाम, यावर वाद घालता येईल. काम मात्र ते क्यूचंच करतात. पडद्यावर फक्त एक माणूस गायब होतो, जादू झाली हे कान सांगतो.

प्रत्येक भागासाठी नवं संगीत वाजवलं जायचं का?

बहुतेक मालिकांत नाही. संगीतकार हंगामाच्या सुरुवातीला काही भागांसाठी मोजका वाद्यमेळ घेऊन बरेच क्यू ध्वनिमुद्रित करायचा. त्यातून मालिकेचा स्वतःचा साठा तयार व्हायचा: आनंदी ब्रिज लहान, आनंदी ब्रिज मोठा, चिंता, पाठलाग, समेट. पुढच्या भागांत संगीत संपादक त्यातून निवडून लावायचा. याला ट्रॅकिंग म्हणत. एका हंगामातले चार-पाच भाग सलग पाहिलेत तर तोच ब्रिज तुम्हाला किमान दोनदा भेटेल.

अर्ल हेगन यांचं काम याहून वेगळ्या दर्जाचं होतं. 'अँडी ग्रिफिथ शो' (१९६०–६८) आणि 'डिक व्हॅन डाइक शो' (१९६१–६६) या दोन्हींचं संगीत त्यांचं. पहिल्याच्या शीर्षकातली शीळ त्यांनी स्वतः घातली आहे. शिळेची तीच धून संथ करून बापलेकाच्या प्रसंगाखाली येते, तेव्हा वेगळं काही सांगायची गरजच उरत नाही. प्रेक्षकाला धून पाठ असते, फक्त लय बदललेली असते.

एकाच प्रकारचं संगीत वेगवेगळ्या मालिकांत ऐकू येतं, हा भास आहे का?

भास नाही. १९५० च्या दशकात अनेक मालिका तयार संगीताच्या संग्रहांवर, म्हणजे लायब्ररीवर, चालत होत्या. कॅपिटॉल कंपनीची 'हाय-क्यू' ही त्यांतली सर्वांत ओळखीची. बिल लूज आणि जॉन सीली ही तिच्याशी जोडलेली मुख्य नावं. हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीच्या 'हकलबेरी हाउंड शो'मध्ये (१९५८) हाय-क्यूचे तुकडे आहेत, आणि १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या भयपटातही त्याच संग्रहातलं संगीत आहे.

यामागे पैशाचं कारण होतं. अमेरिकी वादकांच्या संघटनेनं, जेम्स पेट्रिलो अध्यक्ष असताना, टीव्हीसाठीच्या चित्रफितींच्या संगीतावर निर्मात्यांनी ट्रस्ट फंडात रक्कम भरावी अशी अट घातली. लहान निर्मात्यांना ती जड गेली. मग परदेशात मुद्रित केलेलं किंवा लायब्ररीतलं संगीत घेणं स्वस्त पडू लागलं. वादकांची बाजूही समजून घ्यायला हवी: एकदा वाजवलेला तुकडा वर्षानुवर्षं फिरणार आणि वाजवणाऱ्याला पुन्हा काम मिळणार नाही, ही त्यांची भीती खरी होती.

लायब्ररीतला दीड मिनिटाचा तुकडा पाच सेकंदांच्या ब्रिजमध्ये कसा बसवायचे?

उलट्या बाजूनं. आधी तुकड्याचा शेवट घ्यायचा आणि त्याचा शेवटचा स्वर दृश्य बदलतं त्या चौकटीवर ठेवायचा. मग मागे मागे येत, जिथे सुरुवात हवी तिथे एखाद्या मापाच्या पहिल्या मात्रेवर कापायचं. सुरुवातीचा काप हशाखाली किंवा दाराच्या आवाजाखाली लपवता येतो. शेवट कुठेच लपत नाही. मधला भाग नको असेल तर सुरुवात आणि शेपूट जोडायची, पण दोन्ही एकाच स्वरात आणि एकाच लयीत असतील तरच. नाहीतर सांधा ऐकू येतो.

हे काम ३५ मिलिमीटरच्या छिद्रांच्या चुंबकीय फितीवर व्हायचं. एका चौकटीला चार छिद्रं आणि सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सेकंदाच्या ९६ व्या भागापर्यंत नेमका काप घेता येत होता.

पात्र घसरून पडतं त्याच क्षणी झांज कशी वाजायची?

क्लिकमुळे. वादकांच्या कानात ठरावीक अंतरानं 'टिक' वाजायची आणि ते अंतर चौकटींत मोजलं जायचं. मिनिटाला १,४४० चौकटी (२४ गुणिले ६०), म्हणून १,४४० ला क्लिकच्या चौकटींनी भागलं की लय मिळते. १२ चौकटींची क्लिक म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, १० ची १४४, १६ ची ९०. चौकटीचे आणखी आठ भाग करत, त्यामुळे साडेबारा चौकटींची क्लिक '१२-४' अशी लिहिली जायची आणि तिची लय ११५.२ येते.

एक उदाहरण सोडवून पाहू. क्यू सुरू झाल्यावर साडेतीन सेकंदांनी दार आपटतं. १२० च्या लयीत साडेतीन सेकंद म्हणजे सात मात्रा पूर्ण, म्हणजे दार आठव्या मात्रेवर पडतं. चार मात्रांच्या मापात ही दुसऱ्या मापाची शेवटची, कमजोर जागा. आपल्याला ते नवव्या मात्रेवर, तिसऱ्या मापाच्या सुरुवातीला हवं. साडेतीन सेकंद म्हणजे ८४ चौकटी. भागिले आठ, साडेदहा चौकटी. क्लिक '१०-४', लय साधारण १३७. लय थोडी वाढवली, एवढंच. स्वर एकही बदलला नाही.

संथ, भावुक क्यूला क्लिक लावली तर वादन यंत्रासारखं होतं. तिथे स्ट्रीमर वापरायचे. फिल्मवर तिरकी रेघ ओरखडलेली असते. पडद्यावर ती डावीकडून उजवीकडे सरकत जाते आणि काठाला पोचली की संचालकानं हात खाली आणायचा. रेघ सहसा तीन फुटांची. फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे बरोबर दोन सेकंदांची पूर्वसूचना.

हशा आणि संगीत एकमेकांच्या पायात येत नाहीत का?

येतात, आणि बहुतेक क्यू तिथेच बिघडतात. एका कॅमेऱ्यानं चित्रित केलेल्या मालिकांत हशा नंतर घातला जायचा. चार्ल्स डग्लस यांनी १९५० च्या दशकात त्यासाठी एक यंत्र बनवलं होतं. कळ दाबली की हवा तसा हशा. संगीत आणि हशा दोन्ही नंतरच येणार असल्यामुळे त्यांची जागा मिक्सिंगच्या टेबलावर ठरायची.

पंच पडला, हशा चढला, शिखरावर गेला, उतरू लागला. साधारण निम्म्यावर आला की संगीत सुरू करावं. आधी सुरू केलं तर संगीत हशा गिळतं आणि विनोद पडल्यासारखा वाटतो. हशा पूर्ण विरल्यावर सुरू केलं तर मध्ये एक रिकामी फट पडते. प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण मालिका रेंगाळल्यासारखी वाटते. नाटकाचं म्युझिक ऑपरेट करणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही, कारण रोजच्या प्रयोगात ते हेच करतात.

'ऑल इन द फॅमिली'मध्ये पार्श्वसंगीत का नाही?

१९७१ ची ही मालिका प्रेक्षकांसमोर व्हिडिओटेपवर मुद्रित व्हायची. सुरुवातीला नवरा-बायको पियानोपाशी बसून गातात, आणि त्यानंतर संगीत जवळपास नाहीच. समोर खरी माणसं हसत असतील तर हसावं कुठे हे संगीतानं सांगायची गरज राहत नाही. शिवाय कडवट भांडणाखाली व्हायोलिनं आली असती तर कोणाची बाजू घ्यायची हेही ठरवून टाकलं गेलं असतं.

१९८० च्या दशकात संगीत परतलं, तेही हळव्या जागी. 'फुल हाउस'च्या (१९८७–९५) बहुतेक भागांत शेवटाकडे बाबा किंवा काका मुलीच्या पलंगावर बसतात, प्रेक्षक शांत होतात आणि मऊ की-बोर्ड सुरू होतो. जेसी फ्रेडरिक आणि बेनेट साल्व्हे यांचं ते संगीत. अनेकांना ते गुळमट वाटतं. आम्हाला त्यातली एक गोष्ट मनापासून आवडते: संगीत बहुधा उपदेशाच्या पहिल्या वाक्याला येत नाही, मुलगी ऐकू लागते तेव्हा येतं.

भारतात हिंदीत डब झालेल्या भागांत मूळचंच संगीत होतं का?

१९९० च्या दशकात 'बिविच्ड' आणि 'आय ड्रीम ऑफ जीनी' आपल्याकडे हिंदीत दिसल्या. डबिंगसाठी निर्माते संवाद वगळून संगीत आणि ध्वनिपरिणामांचा वेगळा ट्रॅक देतात. त्यावर नवे आवाज चढतात, म्हणून क्यू जागच्या जागी राहतात. जुन्या भागाचा असा ट्रॅक शिल्लक नसेल तर मूळ संवादासोबत त्याखालचं संगीतही जातं, आणि तिथे दुसरं काहीतरी भरावं लागतं. डब भागात एखादा क्यू अचानक परका वाटला तर बहुधा हेच झालेलं असतं.

दुसरा फरक वेगाचा. भारतात टीव्ही तेव्हा पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ चौकटींचा. २४ चौकटींची फिल्म २५ नं चालवली की सगळं सुमारे ४ टक्के वेगानं जातं: २५ मिनिटांचा भाग २४ मिनिटांत संपतो, १२० ची लय १२५ होते आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वरानं चढतो. क्यू हार्मोनियमवर बसवताना पट्टीच सापडत नसेल, तर आधी आपली प्रत कुठल्या वेगाची आहे ते तपासा.

जुन्या भागातून फक्त संगीत वेगळं काढता येईल का?

पूर्ण स्वच्छ नाही. डाव्या-उजव्या बाजू एकमेकींतून वजा करून आवाज घालवण्याची जुनी युक्ती इथे निरुपयोगी आहे, कारण या मालिका मोनो आहेत. वजाबाकी केली की काहीच उरत नाही. आवाज वेगळे करणारी नवी सॉफ्टवेअर संवाद बऱ्यापैकी काढतात, पण हशा संगीतात राहतो आणि क्लॅरिनेटच्या उंच स्वरांना भोकं पडतात. त्यापेक्षा ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भाग उघडा, स्पेक्ट्रोग्रामचं (आवाजाच्या आलेखाचं) दृश्य लावा आणि संवाद नसलेले ब्रिज शोधा. टिकून राहणारे स्वर आडव्या समांतर रेघा दिसतात, हशा धुरकट पट्ट्यासारखा. तोच क्यू दुसऱ्या भागात हशाशिवाय सापडायची शक्यता चांगली असते, कारण साठा एकच होता.

आमच्या वेब मालिकेसाठी असे क्यू करायचे आहेत. सुरुवात कशी करावी?

आधी संकलन पक्कं होऊ द्या. संगीत बसवल्यावर दृश्यातल्या बारा चौकटी कापल्या तर पुढचं सगळं सरकतं.

मग दिग्दर्शकासोबत भाग पाहून प्रत्येक क्यूची सुरुवात, शेवट आणि नेमकी ठोक्याची जागा लिहून काढा. वीस-बावीस मिनिटांच्या भागाला बारा ते पंधरा क्यू पुरतात. पहिल्या बैठकीत यादी तीसवर जाते. तेव्हा प्रत्येकासमोर विचारा, हा काढला तर काय बिघडेल? उत्तर सुचलं नाही तर काढा.

एक मुख्य धून करा, आठ मापांची, गुणगुणता येईल अशी. तिच्यातूनच बाकीचं काढा: जलद, संथ, अर्धी, कोमल स्वरांत, फक्त शेवटची दोन मापं. चार-पाच वाद्यं पुरेत. क्लॅरिनेट किंवा बासरी, गिटार, डबल बास, व्हायब्राफोन किंवा जलतरंग, आणि ब्रशनं वाजवलेला ड्रम. प्रत्येक तुकडा दोन शेवट घालून मुद्रित करा, एक मिटणारा आणि एक लटकता. जाहिरात किंवा भागाचा शेवट कुठे येईल हे ऐन वेळी बदलतं.

मिक्स करताना संवादाखालचं संगीत संवादापेक्षा १५ ते १८ डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा. त्यातही संवाद दबत असेल तर आवाज आणखी कमी करण्याआधी १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा तीनेक डेसिबलनं उतरवा. शब्दांची व्यंजनं तिथे असतात. शेवटी मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. डबल बास तिथे नाहीसा होतो, म्हणून त्याची ओळ वरच्या सप्तकात एखाद्या वाद्याला हलकेच द्या.

वारंवार दिसणारी चूक म्हणजे प्रत्येक विनोदावर स्टिंग. तिसऱ्या स्टिंगनंतर प्रेक्षक वाक्याऐवजी आवाजाची वाट पाहतो. दुसरी चूक फेड-आउटची: क्यू संपवता आला नाही की हळूहळू आवाज कमी करून सोडून देतात. फेड-आउट म्हणजे पूर्णविरामाच्या जागी तीन टिंबं. क्यूला शेवट लिहा.

जुनेच क्यू आमच्या व्हिडिओत वापरले तर चालतील?

परवानगीशिवाय नाही. धून आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. भारतात धुनेचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं, तर ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. अमेरिकेत १९५७ ते १४ फेब्रुवारी १९७२ या काळातल्या ध्वनिमुद्रणांना १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण आहे. 'पाचच सेकंद वापरले' या सबबीला आधार नाही; पाच सेकंद हाच या क्यूंचा पूर्ण आकार आहे.

स्वतःचे क्यू केलेत तर क्यू शीट नक्की भरा: क्यूचं नाव, संगीतकार, प्रकाशक, वापराचा प्रकार, सेकंदांत लांबी. मोबदल्याचा हिशेब याच कागदावरून होतो. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतात संगीतकाराला मोबदल्यातला वाटा सोडून देता येत नाही, पण शीटवर तुकड्याची नोंदच नसेल तर मोजायचं काय?

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

'अँडी ग्रिफिथ'चा कोणताही एक भाग घ्या आणि सोबत स्टॉपवॉच आणि कागद ठेवा. पहिल्यांदा नुसता पाहा. दुसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून बसा आणि प्रत्येक क्यू कधी सुरू झाला, कधी संपला ते लिहा. तिसऱ्यांदा फक्त शेवट तपासा: शेवटचा स्वर पडला तेव्हा पडद्यावर काय होतं? दार, मान वळणं, पापणी, की दृश्य बदलणं? मग 'लीव्ह इट टू बीव्हर'चा (१९५७–६३) एक सुरुवातीचा आणि एक शेवटच्या हंगामातला भाग तसाच ऐका. शेवटच्या हंगामात शीर्षकधून संगीतकार पीट रुगोलो यांनी जॅझच्या अंगानं बांधली आहे. तोवर नायकही चांगला उंच झालेला असतो.